तेवढं कापता येईल का

माझ्या धाकट्या भावावर पिक्चर निघणार असल्याचं नानांना कळलं ते दोंडाईच्याच्या मिरची बाजारात. कुणीतरी त्यांना पेपर वाचून दाखवला. नाना म्हणजे आमचे वडील. ते तिथूनच एसटी स्टँडवर गेले, घराला कुलूप लावलंय की नाही हेही त्यांनी पाहिलं नाही, आणि दुपारी धुळ्याला माझ्या दारात येऊन उभे राहिले. जिना चढल्यामुळे छाती भात्यासारखी वरखाली होत होती. मी पाणी दिलं. तांब्या हातातच धरून म्हणाले, "बेटा, आपला पोऱ्यावर पिक्चर निंघी ऱ्हायना."

आम्ही घरात अहिराणीच बोलायचो. इथं मी सगळंच तसं लिहीत नाही. पण नानांची काही वाक्यं दुसऱ्या भाषेत माझ्या कानात येतच नाहीत.

भाऊ कबड्डी खेळायचा. तो चढाईला गेला की समोरचे सातही गडी मागच्या रेषेपर्यंत सरकायचे, असा तो काळ होता. खेळावरच त्याला मुंबईच्या एका कंपनीत नोकरी लागली, खेळावरच तो देशाच्या संघात गेला, परदेशात जाऊन आला. त्याचा फोटो छापून आला की दोंडाईच्यात नाना तो पेपर घेऊन पानटपरीपासून देवळापर्यंत सगळ्यांना दाखवत हिंडायचे. भाऊ गावी मात्र फार येत नसे. आला तरी एक रात्र राहून जायचा. दोघांच्यात भांडण नव्हतं, बोलणंही नव्हतं. नाना विचारायचे, "तब्येत बरी ना?" तो म्हणायचा, "बरी." मग धुळ्याहून आलेली मी दोघांना वाढायला घ्यायची.

आम्ही दोघं वाढलो ते जिनिंगच्या चाळीत. नाना रेच्यावर कामाला होते. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारं यंत्र. हंगामात तिथं हवेतच रुई असते. नाना घरी यायचे तेव्हा भुवया, पापण्या, कानांवरचे केस, सगळं पांढरं झालेलं असायचं. माय त्यांना उंबऱ्याबाहेर उभं करून ओल्या फडक्यानं पुसायची, मग आत घ्यायची. नानांचा खोकला तेव्हापासूनचा.

माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी मायच्या पोटात गाठ निघाली. ती अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं नानांनी केलं. मी करायला गेले तर म्हणायचे, तू अभ्यास कर. तिची पातळं, अंथरूण, सगळं सार्वजनिक नळावर नेऊन ते स्वतः धुवायचे. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. त्यांना वेणी घालता येत नव्हती, तरी तिला उशीला टेकवून बसवायचे आणि केसांचे तीन भाग करून कसेतरी गुंफायचे. माय म्हणायची, "हाई काय, सुंभ वळी ऱ्हायनात का?" आणि हसायची. दुखत असतानाही हसायची. त्याच पावसाळ्यात ती गेली.

त्यानंतरच्या हंगामात तो प्रकार घडला, ज्यावर पुढे सगळं रामायण झालं. भावाची जिल्ह्याच्या संघात निवड झाली होती आणि राज्याच्या स्पर्धेला जायचं होतं. नानांनी त्याच आठवड्यात मॅनेजरच्या हातापाया पडून त्याच्यासाठी जिनिंगमध्ये जागा मिळवली होती. लगेच रुजू व्हायचं, नाहीतर दुसरा माणूस तयार. भाऊ म्हणाला, मी खेळायला जाणार. नानांनी त्याच्या दोन कानशिलात लावल्या, संघाची बनियन चुलीत घातली आणि त्याला खोलीत कोंडून बाहेरून कडी लावली. नाना कामावर गेल्यावर कडी मी काढली. भाऊ माझ्याकडं न बघता पळाला. स्पर्धेत त्याला एका प्रशिक्षकानं पाहिलं आणि आपल्याबरोबर नेलं. तो परत आमच्या घरात राहायला म्हणून कधी आलाच नाही.

तर पिक्चरची बातमी आल्यानंतर काही महिन्यांनी एक लेखक दोंडाईच्याला आला. खांद्याला पिशवी, पिशवीत टेपरेकॉर्डर. बोलायला गोड माणूस. नानांनी मला आधीच बोलावून घेतलं होतं, कारण पाहुण्याला शेवभाजी खाऊ घालायची होती. लेखकानं टेप सुरू केला आणि नाना जे सुटले ते सुटलेच. पोरगा लहानपणी कसा होता, सरकीच्या ढिगावर उड्या मारून त्याचे पाय कसे घट्ट झाले, सगळं सांगितलं. आणि मग कोंडल्याचंही सांगितलं. अगदी हसत, अभिमानानं सांगितलं. "मी कोंडं त्याले! कडी लाई दिन्ही! तरी पळना पठ्ठ्या!" जणू ती त्याची पहिली चढाई होती आणि तिथं बाद झालेले गडी स्वतः नाना होते.

लेखकानं विचारलं, "पण तुम्ही कोंडलंत का?"

नाना पुन्हा हसले. म्हणाले, "बाप मानूस. डोकं फिरनं."

कारण मला माहीत होतं. माय गेल्यानंतर नानांच्या थुंकीतून रक्त आलं होतं आणि मीच त्यांना धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, रेचा सोडा, नाहीतर फार दिवस काढणार नाहीत. नाना घरी बसण्याआधी घरातलं कुणीतरी त्या फाटकातून आत जायला हवं होतं, नाहीतर चाळीतली खोली गेली असती आणि माझं लग्नही. परत येताना एसटीत त्यांनी मला बजावलं होतं की पोराला हे कळता कामा नये, त्याचं मन खचेल. भाऊ पळाल्यावर माझं लग्न होईपर्यंत ते तसेच रेच्यावर जात राहिले. त्या दिवशी लेखकासमोरही त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं. मी पोळ्या लाटायला आत गेले.

शूटिंग आमच्या भागात झालंच नाही. नाना वाट बघत होते. एकदा म्हणाले, जिनिंगच्या मालकाला सांगून ठेवलंय, रेचा चालू करून दाखवू म्हणून. कुणी आलं नाही. मग एकदम पिक्चर लागलाच. मुंबई-पुण्याला आधी, नंतर धुळ्याला.

धुळ्याच्या थेटरच्या मालकानं पहिल्या खेळाला नानांना बोलावलं. नाना नवं धोतर नेसले, डोक्याला फेटा. माझे यजमान एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते, त्यांनी रजा टाकली. मी माझ्या शाळेतल्या दोघी शिक्षिकांना बरोबर घेतलं. थेटरच्या दारात ताशा वाजत होता. भावाचं मोठं चित्र लावलं होतं, म्हणजे भावाचं नव्हे, त्याचं काम करणाऱ्या नटाचं. मालकानं नानांच्या हातून नारळ फोडून घेतला, त्यांच्या गळ्यात झेंडूचा जाड हार घातला आणि माईकवर सांगितलं, "या वीराचे वडील आज आपल्यात आहेत." लोकांनी टाळ्या वाजवल्या. नानांनी चारी दिशांना हात जोडले. आम्हाला बाल्कनीत पहिल्या रांगेत बसवलं. नानांनी हार काढला नाही.

पिक्चर सुरू झाला. एक झोपडी दिसली. झोपडीत एक देखणी बाई भाकऱ्या थापतेय आणि जवळ एक पोर. नाना कुजबुजले, "तुनी माय." मग दारातून एक माणूस झोकांड्या खात आला. हातात बाटली. त्यानं भाकरीची परात लाथेनं उडवली. बाईचे केस धरून तिला फरफटत अंगणात आणलं आणि पट्ट्यानं मारायला सुरुवात केली. पोर रडत म्हणालं, "बाबा, आईला मारू नका!"

नाना मला म्हणाले, "हाऊ कोन शे?"

मला वाटलं, हा मामा असेल, शेजारी असेल. मग त्या माणसानं पोराला उचलून खोलीत टाकलं आणि बाहेरून कडी लावली. चुलीत एक बनियन जळताना दाखवली. पडद्यावरच्या आईनं रक्ताळलेल्या हातानं कडी काढली आणि म्हणाली, "पळ बाळा, या राक्षसापासून लांब पळ." खालून शिट्ट्या आल्या. कुणीतरी त्या बापाला घाणेरडी शिवी हासडली. आणि मग माना वळायला लागल्या. आधी बाजूच्या लोकांच्या, मग खालच्याही. अंधारातही ते मला कळत होतं. माझ्या शाळेतल्या दोघी सरळ पडद्याकडे बघत बसल्या होत्या. त्या मुद्दाम बघत नाहीत, हे जास्त लागत होतं.

मध्यंतरात दिवे लागले. नाना हार घालून बसलेले. यजमान म्हणाले, "नाना, घरी जाऊ." नाना म्हणाले, "थांब. पुढे खरं सांगतील." ते शेवटपर्यंत बसले. शेवटी पोरगा कप जिंकतो आणि आईच्या पायावर ठेवतो. बाप त्याआधीच गटारात मरून पडलेला असतो.

घरी आल्यावर त्यांनी हार खुंटीला टांगला आणि मला एवढंच विचारलं, "मी तुनी मायले मारं का कधी?"

"नाही नाना."

"तू पाह्य ना? तू तठेच व्हतीस."

"नाही मारलं, नाना. कधीच नाही."

दुसऱ्या दिवसापासून ते थेटरवर जायला लागले. मला आधी कळलं नाही. मला वाटायचं, पाय मोकळे करायला जातात. वर्गात एका मुलानं सांगितलं, "बाई, एक म्हातारा थेटरच्या सायकल स्टँडवर उभा राहतो आणि म्हणतो, मी हिरोचा बाप आहे." मी शाळा सुटल्यावर तशीच तिथं गेले. तीनचा खेळ नुकताच सुटला होता. नाना सायकलींच्या मध्ये उभे होते आणि सायकल काढायला येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगत होते, "भाऊ, तो बाप मी शे. मी दारूले कधी हात लावा नही. बायकोले कधी बोट लावं नही. बठ्ठं खोटं शे." काही लोक थांबत, ऐकत, मान हलवून जात. बरेचसे घाईत असत. तरुण पोरं जमून विचारत, "आज किती पव्वे झाले, बाबा?" एकानं त्यांच्यासमोर झोकांड्या खाऊन दाखवल्या. नाना त्यालाही हात जोडून तेच सांगत होते. तोंड हुंगून बघ म्हणत होते. त्याच्या तोंडाजवळ तोंड नेत होते.

मी त्यांचा हात धरला. म्हणाले, "सहाचा खेळ शे आजून."

मी रडले, रागावले, जेवणार नाही म्हणाले. यजमानांनी समजावलं की लोक आठ दिवसांत विसरतील. पण पिक्चर जोरात चालला होता. बायका बैलगाड्यांतून येत होत्या, पदरानं डोळे पुसत बाहेर पडत होत्या. शेवटी मी म्हटलं, "नाना, लोकांना सांगून काय होणार? ज्याचा पिक्चर आहे त्यालाच सांगू." आणि आम्ही दोघं एसटीनं मुंबईला गेलो.

भावाचं घर कंपनीनं दिलेलं होतं. भिंतीवर कप, ढाली, फोटो. त्यानं नानांच्या पाया पडून त्यांना पंख्याखाली बसवलं. चहा झाला. मग मीच सुरुवात केली. भावानं सगळं ऐकून घेतलं आणि खाली बघत म्हणाला, "मला वाटलं, नाना पिक्चर बघत नाहीत."

"धुळ्यात हार घालून नेलं त्यांना," मी म्हटलं.

"अक्का, दारूचं मी सांगितलं नाही. लेखकानं मला विचारलं होतं, वडील प्यायचे का? मी नाही म्हणालो. तो म्हणाला, मग बाप पोराला कोंडतो कशाला? लोकांना पटणार नाही, पिक्चरला कारण लागतं." मग तो नानांकडं वळला. "आणि कोंडल्याचंही मी सांगितलं नव्हतं, नाना. मी कुणालाच कधी सांगितलं नाही. तुम्ही सांगितलंत. त्यानं मला टेप ऐकवला. तुम्ही हसत होतात."

नानांनी पंच्यानं तोंड पुसलं.

"आणि कोंडलं होतंतच ना?" तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "तेवढं तर खरं आहे? का कोंडलंत ते मलाही नाही माहीत. मीही तेच विचारतोय इतकी वर्षं."

नानांनी माझ्याकडं पाहिलं, अगदी पूर्वी लेखकासमोर पाहिलं होतं तसं. पण या वेळी मी थांबले नाही. रक्ताचं, डॉक्टरांचं, मॅनेजरच्या पाया पडल्याचं, एसटीतल्या बोलण्याचं, सगळं बोलून टाकलं. नाना मधेमधे "जाऊ दे, जाऊ दे" म्हणत होते. भाऊ ऐकता ऐकता उठून खिडकीशी गेला आणि पाठ करून उभा राहिला.

मग नाना म्हणाले, "माझं राहू दे. मला दारुड्या दाखवला, दाखवू दे. तिला मारल्याचं तेवढं कापता येईल का?"

भावानं लगेच फोन उचलला. निर्मात्याला लावला. आम्ही एकाच बाजूचं ऐकत होतो. "हो... नाही, वडील आलेत... हो, जिवंत आहेत... अहो तेवढाच एक सीन..." मग तो नुसताच ऐकत राहिला. फोन ठेवल्यावर म्हणाला, "ते म्हणतात, त्याच सीनवर तर पिक्चर चालतोय."

"सगळीकडचं नको," नाना म्हणाले. "खान्देशातलं तरी. नाहीतर फक्त धुळ्याचं. तिला ओळखणारे लोक तिथं येतात."

"नाना, मी सही करून दिली आहे सगळ्यावर," भाऊ म्हणाला आणि त्यांच्या पायाशी बसला. नानांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. पण त्यांचं लक्ष त्याच्याकडं नव्हतं. ते काहीतरी वेगळाच विचार करत होते.

धुळ्याला परत आल्यावर तो विचार मला कळला. पिक्चर चालवणारा कोण असतो, हे त्यांनी सायकल स्टँडवाल्याला विचारून घेतलं आणि ते थेट वरच्या केबिनमध्ये ऑपरेटरकडं गेले. ऑपरेटर मध्यमवयाचा, दमेकरी माणूस होता. केबिनमधल्या उष्णतेनं त्याचा सदरा कायम ओला असायचा. त्यानं नानांना स्टुलावर बसवून चहा पाजला. कापता येणार नाही म्हणाला. रिळांची पेटी कंपनीची असते, एक तुकडा कमी निघाला तर नोकरी जाईल. नाना उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशीही. भांडायचे नाहीत, नुसते स्टुलावर बसून राहायचे. तो प्रसंग आला की कानांवर हात ठेवून भिंतीकडं तोंड करायचे.

एका दुपारी ते मला शाळेतून बोलवायला आले. "चाल," म्हणाले, "आज पाहाले चाल." मी अर्धी रजा टाकून गेले. आम्ही खाली, साध्या खुर्च्यांवर बसलो. झोपडी आली, भाकऱ्या आल्या, तो माणूस दारातून आत आला, आणि पडदा एकदम काळा झाला. आवाजही बंद. थेटरभर ओरडा झाला. "अरे ए, लाईट! पैसे परत दे!" लोकांनी खुर्च्या आपटल्या, शिट्ट्या मारल्या. ऑपरेटरनं भिंगासमोर पुठ्ठा धरला होता आणि आवाजही बंद केला होता. त्या काळोखात नाना दोन्ही हात जोडून बसले होते. मी त्यांचा दंड धरला तर तो भिजल्यासारखा गार होता. उजेड परत आला तेव्हा पोरगा पळत सुटलेला होता आणि झोपडी मागं राहिली होती.

"बस," नाना म्हणाले. "आसंच पाहिजे."

पण मालक खाली गल्ल्यावरच होता. त्यानं ऑपरेटरला सगळ्यांसमोर शिव्या दिल्या आणि पुन्हा असं झालं तर घरी पाठवीन म्हणाला. ऑपरेटरनं नानांना दारातूनच हात जोडले. "बाबा, मलाही पोरं आहेत. आता येऊ नका." नाना त्याच्यावर रागावले नाहीत. वर गेले नाहीत पुन्हा.

मला वाटलं, संपलं. त्या शुक्रवारी धुळ्यातला पिक्चर उतरला आणि शनिवारी सकाळी नाना घरात नव्हते. आमच्या भागात त्या पिक्चरची पेटी एकच फिरत होती. पत्र्याच्या पेटीत रिळं भरून ती एका गावाहून दुसऱ्या गावाला जायची. धुळ्यानंतर जळगाव, हे नानांनी सायकल स्टँडवर ऐकलं होतं. ते पेटीमागे जळगावला गेले.

यजमान जळगावला जाऊन आले. नाना थेटरसमोरच्या हॉटेलच्या ओट्यावर झोपत होते. तिथला ऑपरेटर त्यांना केबिनकडं फिरकू देत नव्हता, म्हणून ते पुन्हा दारात उभं राहून लोकांना सांगत होते. आवाज बसला होता. यजमानांनी त्यांना उचलून एसटीत बसवलं, तर पारोळ्याला गाडी थांबल्यावर ते उतरले आणि उलट्या गाडीनं परत गेले. मी गेले. माझ्याबरोबर यायला कबूल झाले, जेवले, मग म्हणाले, "बेटा, मी मरी ग्यू तर लोक हाईच धरी बसतीन." मी त्यांच्यासाठी एक स्वेटर आणि खोकल्याचं औषध ठेवून आले. मला शाळा होती, घरी लहान मूल होतं. भावाला मी तार केली.

जळगावनंतर पेटी भुसावळला गेली. तिथं ते आजारी पडले. रेल्वे कॉलनीतल्या एका बाईनं त्यांना थेटरच्या पायरीवर कोसळलेलं पाहिलं आणि माणसं बोलावून दवाखान्यात पोचवलं. तिनंही पिक्चर पाहिला होता. आम्ही पोचलो तेव्हा ती खाटेजवळ बसून होती. मला म्हणाली, "मला सांगत होते सारखे, मी नाही मारलं म्हणून. मी म्हटलं, हो बाबा, तुमचे हात तसे दिसत नाहीत." मी त्या बाईच्या गळ्यात पडून रडले. तिचं नावही विचारायचं राहून गेलं.

भाऊ दुसऱ्या दिवशी आला. तोवर नानांना नळीतून हवा लावली होती. त्यांनी त्याला ओळखलं. बोट वर करून जवळ बोलावलं आणि विचारलं, "निंघनं का तठलं?"

भाऊ खाटेवर वाकला. "निघालं, नाना. सगळीकडचं काढलं. मुंबईचंही."

नाना त्याच्याकडं बघत राहिले. त्यांनी मान हलवली. त्यांना ते खरं वाटलं की नाही, यावर भावाचं आणि माझं कधी एकमत झालं नाही. त्याला वाटतं, वाटलं. मी त्यांच्या दुसऱ्या बाजूला होते. मला त्यांचा चेहरा पोराची कीव आल्यासारखा दिसला. संध्याकाळी ते गेले.

दोंडाईच्याला सगळं केलं. जिनिंगमधले जुने लोक आले, चाळीतल्या बायका आल्या. त्यातल्या एकीनं, जी नळावर हसायची, भावाला बाजूला घेऊन सांगितलं की तुझ्या बापासारखं बायकोचं करणारा माणूस आम्ही पाहिला नाही. भावानं नुसती मान हलवली. त्या दिवसांत तो सकाळी उठून जिनिंगच्या फाटकाशी जाऊन उभा राहायचा. हंगाम नव्हता, आत शुकशुकाट होता.

विधी उरकल्यावर तो निघाला. मी त्याला सोडायला स्टेशनवर गेले. डोक्याचा गोटा झालेला, डोळे खोल गेलेले, तरी उंचीमुळे आणि खांद्यांमुळे लोक ओळखतच होते. गाडीला वेळ होता. एक गृहस्थ बायकोला आणि मुलीला घेऊन जवळ आले, त्याचा हात हातात घेऊन म्हणाले, "साहेब, पिक्चर दोनदा पाहिला आम्ही. हिला विचारा, रडून रडून डोळे सुजले हिचे." बाईनं मान हलवली. मुलीनं सहीसाठी शाळेचं पाठ्यपुस्तक पुढं केलं. भावानं खिशातून पेन काढलं. सही करताना त्याचा हात एकदा थांबला. मला वाटलं, तो आता काहीतरी सांगेल. त्याचे ओठही हलले.

तेवढ्यात ते गृहस्थ त्याच्या डोक्याकडं बघत हसून म्हणाले, "हे काय, गोटा? आता दुसऱ्या पिक्चरमध्ये स्वतःच काम करताय वाटतं?"

भावानं सही पुरी केली, पुस्तक मुलीला परत दिलं, आणि गाडी येत होती त्या बाजूला चालत गेला.